सगळा वर्ग गाईल

कुसुमताई,

काल तुझ्या शाळेत शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो होता, ओळखू येऊ नये इतका जुना. पुढं बसलेल्यांत निम्मे तरी संगीत शिक्षक होते. सुरुवातीला प्रार्थना लावली. 'लावली' असंच म्हणावं लागतं, कारण कुणी म्हटली नाही. एका सरांनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि कुठल्यातरी बाईंच्या आवाजातली, मागं व्हायोलिनं वाजणारी प्रार्थना सुरू झाली. आम्ही हात जोडून, तोंड मिटून उभे. जन्मभर पोरांना गायला लावणारी माणसं, आणि तुझ्यासाठी एकाचंही तोंड उघडलं नाही.

मग भाषणं झाली. तू संगीतासाठी आयुष्य वेचलंस हे प्रत्येकानं सांगितलं. संस्थेचे एक जण म्हणाले की बाईंनी शाळेला नावलौकिक मिळवून दिला. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. तुझ्यामुळं शाळेला स्पर्धेतली एकही ढाल मिळाली नाही, आणि त्यावरून तुला ऑफिसात बोलावून सुनावलं तेव्हा हेच गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. तुझ्याशी जे बोलायचं ते माईकवरून काय बोलणार?

म्हणून इथं बोलतोय.

आपली ओळख झाली ते प्रशिक्षण तुला आठवत असेलच. चित्रकलेचे, खेळाचे आणि संगीताचे शिक्षक एकाच हॉलमध्ये कोंबलेले. समोर एक साहेब छापील कागद वाचत होते. आनंददायी शिक्षण, बालककेंद्री शिक्षण, पान संपलं की पुढचं पान. पंखा नव्हता, अर्धी माणसं पेंगलेली. तू मधल्या रांगेतून उठलीस.

"सर, एक विचारायचंय. मुलांना गाणं शिकवताना पट्टी कोणती धरायची?"

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, पट्टी आता बंद झाली. मुलांना मारायचं नाही असा आदेशच आहे."

चित्रकलेचे शिक्षक आधी हसले, कारण त्यांच्या हातात खरोखरच पट्ट्या होत्या. मग सगळा हॉल हसला. साहेबांच्याही लक्षात आलं, तेही हसले. माणूस बरा होता. म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, मी भूगोलाचा. मला आज इथं पाठवलंय." तू हसली नाहीस. "मग तुमची काही चूक नाही, सर. पण आम्हाला कोण सांगणार?" एवढं बोलून खाली बसलीस. साहेबांनी पुढचं पान काढलं.

चहाच्या सुट्टीत तू माझ्याकडं आलीस. "तुम्ही मघाशी हसला नाहीत."

"मला पण तेच विचारायचं व्हतं, मॅडम."

"कुठले तुम्ही?"

"पिशोरचा. आता चिकलठाण्याच्या शाळेत हाय."

"मी वैजापूरची. आणि मॅडम शाळेत. इथं ताई म्हण."

एका घोटात 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्या दिवसापासून तू माझी ताई. सख्खी बहीण मला नव्हती.

मी कुठून आलो होतो ते तुला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ काय ते तू माझ्या आधी ओळखलंस. आमच्या घरात मेंढरं. वडील कळपामागं फिरताना ओव्या म्हणायचे, मी गावच्या भजनात पेटीवर बसायला शिकलो, मग शहरात येऊन एका बुवांकडं परीक्षा दिल्या. बुवा समोर, मी एकटा पुढ्यात, चुकलं की पुन्हा. शाळेत लागलो तेव्हा मला एवढंच येत होतं. एका वर्गात सत्तर-ऐंशी पोरं, आणि मी प्रत्येकाला बुवांनी मला शिकवलं तसं शिकवायला बघत होतो. ते जमत नव्हतं. का जमत नाही हे सांगायला तोवर कुणी वर्गात आलं नव्हतं. तपासणीला येणारे यायचे, स्वागतगीत ऐकायचे, नारळ घेऊन जायचे.

तू आलीस. जालना रोडनं सिटी बसमध्ये उभी राहून आलीस आणि आमच्या हेडमास्तरांना म्हणालीस, "भागवत सरांचा तास बघायचाय. शिकायला आलेय." मी आतल्या आत फुगलो. सातवीचा वर्ग होता, कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांची पोरं, बाकावर दाटीवाटीनं बसलेली. मी पेटी उघडली आणि ठेवणीतलं देशभक्तीचं गाणं काढलं. पोरं जीव तोडून म्हणत होती. पण ओळ खाली उतरली की वर्गातून नुसती गुरगुर यायची. मी नेहमीसारखा ओरडलो, "कोण बेसूर होतंय रे?" आणि मागच्या दोघा-तिघांना खाली बसवलं.

तास संपला. पोरं गेली. तू पेटीशी आलीस.

"काळी एक धरतोस?"

"व्हय. माझी पट्टी तीच."

"तुझी ना? मग पोरांची कोणती?"

मी पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडं बघितलं.

"त्यांचा आवाज तितका खाली पोचतच नाही, भागवत. ती बेसूर नाहीत. तू त्यांना अशा ठिकाणी नेतोस जिथं त्यांना आवाजच नाही, आणि वर रागावतोस. पांढरी चार धरून बघ."

"पांढरी चारला माझा आवाज फाटतो."

"मग तू गाऊ नको. तू वाजव. त्यांना गाऊ दे."

मला लई राग आला. घरी येऊन बायकोला म्हणालो, कोण वैजापूरची बाई येते आणि गाण्याच्या मास्तरला गाऊ नको म्हणते. पण मग एक दिवस वर्गात पांढरी चार धरली आणि स्वतः गप्प बसलो. पोरं आधी एकमेकांकडं बघायला लागली. मास्तर गात नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं त्यांना वाटलं असणार. मग एकानं सुरू केलं, मग बाकावरून बाकावर ते पसरत गेलं. त्या वर्गात एवढा आवाज आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. शिपाई घंटा हातात धरून खिडकीशी थांबला. त्या दिवशी खाली बसवलेल्यांतला एक पोरगा मान वर करून, डोळे मिटून म्हणत होता.

हे तुला फोनवर सांगितलं तर तू नुसतं 'हं' म्हणालीस. आणि म्हणालीस, "रविवारी ये."

महिन्याचा शेवटचा रविवार. तुझी शाळा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर मराठी शाळा निघाल्या त्या वेळची. जिना उंच, वरचा हॉल लांबट, खिडक्यांना रंगीत काचा. शाळेचे शिपाई शेखचाचा कुलूप काढायचे आणि विचारायचे, "आज कौन कौन आरे, बाई?" तू म्हणायचीस, "देखते, चाचा." कधी हॉल भरायचा, कधी आपण दोघं आणि चाचा. वैजापूर, कन्नड, पैठण, सिल्लोड, जिथून एसटी येते तिथून माणसं यायची. सगळे संगीत शिक्षक, आणि सगळ्यांना शाळेत दुसरंच काम. कुणाकडं ग्रंथालय, कुणाकडं स्काउट, कुणाकडं खिचडी.

मला वाटलं होतं तू आम्हाला गाणी शिकवशील. तू पहिल्या बैठकीत विचारलंस, "स्वतःसाठी शेवटचं कधी गायलात?" एकेकाला विचारलंस. वैजापूरचे लिंबाजी सर, भरघोस मिशांचे, त्यांना शाळेनं मैदानावर शिट्टी देऊन उभं केलेलं. ते म्हणाले, "बहिणीच्या लग्नात गायलो ताई. तिचं पोरगं आता कॉलेजात हाय." सगळे हसलो. मग तू त्यांना षड्ज लावायला सांगितलास आणि त्यांच्या गळ्यातून नुसता घोगरा वारा आला. मैदानावर ओरडून ओरडून आवाज गेलेला. ते खाली मान घालून बसले. तू म्हणालीस, "मुलांचं नंतर बघू. आधी तुमचं गाणं परत आणू."

तू त्यांना कित्येक महिने फक्त गुणगुणायला लावलंस. तोंड मिटून, हळू. आम्ही कंटाळायचो, तू नाही. आणि एक रविवार असा आला की लिंबाजी सर खिडकीशी उभे राहून भूप गायला लागले. साधाच, छोटा. तू आमच्याकडं पाठ करून पेटीची धूळ पुसत राहिलीस. पेटीवर धूळ नव्हती.

बाकी किती शिकलो त्याची गणती नाही. पेटी बिघडली तर तास कसा घ्यायचा. बाकावर बोटांनी ठेका कसा धरायचा. आवाज फुटायला लागलेल्या नववीच्या पोरांना गप्प न बसवता कसं सांभाळायचं. एकदा तू मला म्हणालीस, "तुझे वडील मेंढरांमागं काय म्हणायचे, ते म्हण." मी लाजलो. बुवांनी ते सगळं विसरायला लावलं होतं. तरी म्हटलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या शाळेतल्या, गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या पोरी ती ओवी म्हणत होत्या. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "शहरातल्या पोरी? आन् मेंढरं कुठली आणली?"

आणि मग ती समूहगानाची स्पर्धा. आपलं भांडण तिथून सुरू झालं ते परवापर्यंत मिटलं नाही. आता ते माझ्या एकट्याच्याच गळ्यात पडलंय.

गाणाऱ्यांच्या संख्येची अट नव्हती. तशी अट घालायची गरज कुणाला वाटली नसावी. मी आवाज बघून मोजकी पोरं निवडली, उन्हाळ्यापासून घासून तयार केली. तू आठवीचा पूर्ण वर्ग आणलास. मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, "सगळा वर्ग गाईल." स्टेज पुरेना. मागच्या ओळी बाकं लावून उभ्या केल्या, दोन पोरी पडद्याच्या दोऱ्यांत अडकल्या. पहिलं कडवं चांगलं झालं. खरंच चांगलं झालं, मी अजूनही सांगतो. मग सूर हळूहळू खाली बसायला लागला. तबला पुढं, पोरी मागं. आणि मागच्या ओळीतली ती उंच पोरगी, रेखा, सगळ्यांच्या वर ऐकू यायला लागली. सुराच्या जरा खाली, पण काय खुशीत म्हणत होती! आधी एक रांग हसली. मग सगळं सभागृह.

पोरींनी गाणं पूर्ण केलं. परीक्षक माईकवर आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः इतक्या सुरेल. पुढच्या वेळी जरा निवड करून आणा. सगळ्यांनाच गाता येत नसतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली ढाल माझ्या शाळेला मिळाली.

परत येताना एकाच रिक्षात होतो आपण. ढाल माझ्या मांडीवर.

"ताई, निवड करायला पायजे व्हती."

"का?"

"स्पर्धा होती ती."

"माझ्यासाठी वर्ग होता. गणिताच्या बाई कच्च्या पोरींना म्हणतात का, तुम्ही नुसते ओठ हलवा, उत्तर हुशार पोरी देतील?"

"गणित ऐकायला लोक खुर्च्या टाकून बसत नाहीत. तुझ्या पोरी रडत होत्या."

"रडू दे. गायल्या तर खरं."

"ते तू ठरवणार व्हय?"

तू बाहेर बघायला लागलीस. पैठणगेट आलं तसं रिक्षावाल्याला म्हणालीस, "यहीं रोको." घर अजून लांब होतं. तू उतरलीस आणि माझ्याकडं न बघता चालायला लागलीस.

पुढच्या वर्षी तुझे संगीताचे तास निम्मे झाले. ढाल येत नाही तर एवढे तास कशाला, असं ऑफिसात म्हणाले. मी तुला म्हणालो, बघ, हेच सांगत होतो. ढाल असेल तरच गाण्याला शाळेत जागा राहते. तू म्हणालीस, "ढालीसाठी जागा राहिली तर ती ढालीची जागा. गाण्याची नाही." आपण हे किती रविवार बोललो असू. लिंबाजी सर कंटाळून खाली चहाला जायचे. तू वर्गात बरोबर होतीस, ताई. स्टेजवर चुकलीस, असं मला अजूनही वाटतं. हे वाचून तू नाक उडवलं असतंस.

पण काल रेखा आली होती.

मी ओळखलं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. सगळे खाली जात होते तेव्हा ती फोटोशी उभी होती. म्हणाली, "सर, मी त्या मागच्या ओळीतली. लोक हसले ना, ते माझ्यामुळंच." मी म्हणालो, तसं काही नाही. "नाय सर, मला माहीत हाय. त्यानंतर मी कधी गायले नाय. पोरीला पाळण्यात टाकलं तरी नाय. बाईंना एकदा विचारायचं व्हतं, आमाला कशाला उभं केलं म्हणून. पण बाई रस्त्यात भेटल्या की असा हात धरायच्या मायेनं, की राहूनच जायचं." तिनं फोटोला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि जिना उतरून गेली.

हे मी भांडण जिंकायला सांगत नाही. तुझ्या कानावर जायला हवं होतं, आणि तू असताना तिला बोलता आलं नाही. तू काय म्हणाली असतीस? 'रडू दे' असं तर खास म्हणाली नसतीस. तिच्या घरी गेली असतीस. चिकलठाण्याला, सिटी बसनं, उभी राहून.

आणि माझंही ऐक. तू निवृत्त झालीस, तुझी जागा भरली नाही. मला वाटलं, माझ्या शाळेत असं होणार नाही. काचेचं अख्खं कपाट ढालींनी भरलेलं. माझ्या निरोपसमारंभात हेडमास्तरांनी त्या कपाटाकडं बोट दाखवून भाषण केलं. जून उजाडला, वेळापत्रक लागलं, संगीताच्या तासाला स्कॉलरशिपचा जादा वर्ग. जागा गेली. सकाळची प्रार्थना पेनड्राईव्हवर. तुझी शाळा ढालीविना आणि माझी कपाटभर ढालींची, दोन्हीकडं आता सारखीच शांतता आहे. मी तुझ्या घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा तुला म्हणता आलं असतं, बघ. तू दाजींना हाक मारलीस, "भागवत आलाय, चहा टाका."

मग तुझ्या गळ्याचं ऑपरेशन. गाठ काढायची होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस तिथंच चिकटून जाते. गाठ गेली आणि आवाजही गेला. बोलण्यापुरती कुजबुज उरली. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात रविवार संपवून टाकला. तू टाके निघाले तशी मफलर गुंडाळून जिना चढून आलीस.

त्यानंतर तू हातांनी शिकवायचीस. तळवा वर उचलला की चढा. आडवा धरला की ठेवा, तुटू देऊ नका. तोवर जुने लोक कमी झाले होते आणि तासिकेवर काम करणारी नवी पोरं-पोरी यायला लागली होती. आज आहेत, उद्या नाहीत अशी. त्यांत आमच्या पिशोरची वैशाली. पहिल्या दिवशी आईला सोबत घेऊन आली. तिला ऑपरेशनचं काही माहीत नव्हतं. तू हातानं काहीतरी दाखवत होतीस, तिला कळेना. ती सरळ म्हणाली, "मॅडम, एकदा तुमी म्हणून दाखवा ना. मला ऐकल्याशिवाय नाय जमत."

 लिंबाजी सर तिला खुणेनं गप्प करायला लागले. तू त्यांना थांबवलंस. तंबोरा लावायला सांगितलास, डोळे मिटलेस आणि सा लावलास.

तो लागला नाही. आधी नुसती हवा आली, मग फाटलेलं काहीतरी, सुराच्या खाली घसरत गेलेलं. तू पुन्हा लावलास. पुन्हा तेच. तुझा एक सूर हललेला आम्ही कधी ऐकला नव्हता. वैशाली रडायला लागली. तिची आई तिला कोपरानं ढोसत होती.

तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडं बघितलंस. "लई अवघड असतंय रे हे," म्हणालीस. शाळेत कधी न बोललेल्या तुझ्या वैजापूरच्या बोलीत. "मी पोरींना किती सहज सांगायचे, म्हणा म्हणून."

मग वैशालीकडं वळलीस. "आता तू म्हण. फक्त माझ्यासारखं नको." आणि हसलीस. आम्हीही हसलो. काय करणार?

त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीत शेवटी सगळे मिळून म्हणायचो, तेव्हा तू मागं जाऊन उभी राहायचीस आणि त्याच आवाजात आमच्याबरोबर म्हणायचीस. तुझ्यामुळं आम्ही घसरायचो. सगळ्यांना कळत होतं, तुलाही. कुणी काही बोललं नाही आणि तू थांबली नाहीस. मला तेव्हा विचारायचं होतं, ताई, आता सांग, त्या दिवशी कोण बरोबर होतं? तू कदाचित सांगितलंही असतंस. मी पेटीचा भाता बंद करत राहिलो.

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. "तुझ्या ताईला दवाखान्यात ठेवलंय. येऊन जा." तुझ्या नाकाला नळी होती, हात सुजलेले. मी स्टुलावर बसलो. तू ओठ हलवलेस, मला समजलं नाही. दाजी म्हणाले, "रविवारचं विचारतेय."

मी काय सांगणार होतो? कोरोनानंतर माणसं आलीच नाहीत फारशी. आणि त्याच आठवड्यात शेखचाचा मला गेटवर म्हणाले होते, "साब, हॉल कंप्यूटर कू दे रे बोले. चाबी ऑफिस में जमा करो बोले. बाई कू नक्को बताओ." पण तुला खोटं सांगितलेलं लगेच कळायचं. मी सांगून टाकलं. "हॉल आता मिळणार नाही, ताई."

 मग हात उचललास, तळवा वर करून. आपल्यात त्याचा अर्थ 'चढा'.  पण दाजींना वाटलं, तुला पाणी हवंय. त्यांनी चमच्यानं पाणी दिलं, तू दोन चमचे प्यालीस आणि डोळे मिटलेस. तेव्हा पाणीच हवं असेल कदाचित. मी तेवढ्यावरून काही ठरवणार नाही. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

तुझे आभार मानायचे तर कुठून सुरू करू? बुवांनी मला गाणं दिलं. पण मी गाणं शिकवू शकतो, हे तू मला दिलंस. आणि शाळेच्या एका कोपऱ्यात एकट्यानं पेटी बडवणारी आमच्यासारखी माणसं एकमेकांची आहेत, हेही. लिंबाजी सर काल सभेला आले होते. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले होते. गुडघ्यांमुळं असेल. एसटीत बसवलं तर खिडकीतून म्हणाले, "भागवत, आता शेवटच्या रविवारी काय करायचं रे?" गाडी सुटली.

आज दुपारी वैशालीचा फोन आला. काल तिला रजा दिली नाही म्हणून ती येऊ शकली नव्हती. आधी तुझ्याबद्दल बोलली. मग म्हणाली, "सर, मी सोडतेय. पुढच्या वर्षी संगीताच्या तासिका नाय म्हणले. मामाचं बियाण्याचं दुकान हाय वैजापूरला, तिथं बसणार."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मॅडम असत्या तर काय म्हणल्या असत्या, सर?"

"मला माहीत नाही, वैशाली." आणि ते खरं होतं. तुझ्या वतीनं बोलायची मला हिंमत झाली नाही. ती रडत असावी. तिच्या मागं शाळेचा गलका होता, पोरं कुठंतरी पळत होती, कुणीतरी घंटा बडवली. मग गलका ओसरला आणि मला एक आवाज ऐकू आला. बारीक, उंच, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारा.

"कोण गातंय गं?"

"ती व्हय? दुसरीतली हाय. शाळा सुटली तरी घरी जात नाय, पायरीवर बसून म्हणत असती." वैशालीनं नाक पुसलं. "सूर नाय लई, सर. थांबवू का तिला?"

"नको," मी म्हणालो. "फोन तिच्याजवळ ने जरा."